४०० फुटांखाली ड्रोन, ५०० फुटांवर विमान

लेखमाला : डोक्यावरचे आकाश – लेखांक ५

परदेशी विमानांना आपल्या हद्दीतून जाण्याची परवानगी कशी मिळते, ते गेल्या लेखांकात आपण पाहिले. १९४४च्या शिकागो कराराने प्रत्येक देशाची आपल्या भूमीवरील आकाशावरची संपूर्ण सत्ता मान्य केली. त्याच सत्तेच्या बळावर एप्रिल २०२५मध्ये आधी पाकिस्तानने आणि मग भारताने एकमेकांच्या विमानांना आपले आकाश बंद केले. आज आपण बरेच खाली येऊ. धुळे-जळगावच्या शिवारावरचे, अगदी हजार फुटांच्या आतले आकाश पाहू.

या आकाशात शिकाऊ वैमानिकांची चांगली वर्दळ असते. जे. आर. डी. टाटांनी जिथे विमान चालवण्याचे धडे गिरवले, त्या १९२८च्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षण धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर चालते. शिरपूरला वैमानिक प्रशिक्षण अकादमी आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरणाने २०२१मध्ये प्रशिक्षण संस्थांसाठी पाच विमानतळ निवडले, त्यांत जळगाव होते. कपाशीच्या शेतावरून घरघरत जाणारे एका इंजिनाचे छोटे विमान बहुधा अशाच एखाद्या विद्यार्थ्याच्या हातात असते.

व्यावसायिक परवान्यासाठी या विद्यार्थ्याला एकूण २०० तासांचे उड्डाण पूर्ण करावे लागते. त्यात एक लांबचा प्रवास सक्तीचा असतो : किमान ३०० सागरी मैल, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटर, वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून. अशा प्रवासाआधी तो उड्डाण आराखडा दाखल करतो. कुठून निघणार, कोणत्या मार्गाने, किती उंचीवर, किती वेळ आणि टाकीत इंधन किती, हे सारे त्यात येते. मग हवाई दलाकडून हवाई संरक्षण मंजुरीचा क्रमांक मिळतो आणि उड्डाण माहिती केंद्राचा दुसरा क्रमांक. हे दोन्ही हाती आल्याशिवाय चाक हलत नाही.

एवढी काटेकोर व्यवस्था कशासाठी, याचे उत्तर पुरुलियाने दिले आहे. १७ डिसेंबर १९९५च्या रात्री एका परदेशी मालवाहू विमानाने पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात शस्त्रे टाकली. विमान परवानगी घेऊनच देशात आले होते, पण ठरल्या वाटेवरून बाजूला सरकून त्याने हे काम उरकले. काही दिवसांनी परतीच्या प्रवासात त्याला मुंबईत उतरायला भाग पाडले गेले. परवानगीचा कागद आणि आकाशातले विमान यांचा मेळ सतत घालत राहावा लागतो, तो यासाठी.

आता उंचीचा हिशेब. डोळ्यांनी जमीन पाहत केलेल्या उड्डाणात दाट वस्तीवर किमान १००० फूट आणि मोकळ्या रानावर किमान ५०० फूट उंची राखावी लागते. दुसरीकडे, २०२१च्या ड्रोन नियमांनी आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल क्षेत्रांत विभागले आहे; त्यांतल्या हिरव्या क्षेत्रात ड्रोन ४०० फुटांपर्यंत विनापरवानगी उडवता येतो. मोकळ्या रानावर या दोघांच्या मध्ये उरले फक्त १०० फूट! सेसनासारखे छोटे प्रशिक्षण विमान एवढी उंची काही सेकंदांत गमावू शकते. विमानाच्या वेगात समोरचा दोन किलोचा ड्रोन वैमानिकाला दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

उतरताना आणि झेपावताना तर हे १०० फूटही उरत नाहीत. म्हणून कार्यरत विमानतळाभोवती वर्तुळे आखली आहेत. हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरचा पट्टा जमिनीपासूनच पिवळा आहे. तिथे हवाई वाहतूक नियंत्रकाची परवानगी हवी. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत मोकळीक आहे, त्यावर पिवळे क्षेत्र. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. जळगावचा विमानतळ कुसुंब्याजवळ आहे, त्यामुळे शहराचा मोठा भाग या वर्तुळांत येतो. मंगल कार्यालयाच्या अंगणातून वरात टिपायला ड्रोन सोडणाऱ्या फोटोग्राफरने हे आधी तपासायलाच हवे.

केळी-कपाशीवर फवारणी करणारा ड्रोन पिकापासून दोन-तीन मीटरवरच चालतो, त्यामुळे विमानाशी त्याची गाठ पडण्याची शक्यता कमी. तरी त्याचे वजन २ ते २५ किलोच्या लघु गटात बसते. त्याला नोंदणी क्रमांक लागतो आणि चालवणाऱ्याला दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र. त्यासाठी दहावी उत्तीर्ण आणि वय १८ ते ६५ अशी अट आहे.

विमानांसाठी आणखी तीन प्रकारची क्षेत्रे नकाशावर असतात : निषिद्ध, प्रतिबंधित आणि धोक्याची. मुंबईत मलबार हिलवरच्या पारशी समाजाच्या अंत्यविधीच्या दोखम्यांवरचे आकाश निषिद्ध आहे. श्रद्धेचाही मान आकाशाच्या नियमांत राखला जातो, याचे हे उदाहरण. ड्रोनच्या बाबतीत क्षेत्र तात्पुरतेही बदलते. पोलीस अधीक्षक किंवा त्यांच्या वरच्या दर्जाचा अधिकारी एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत लाल घोषित करू शकतो.

त्यामुळे कालचा हिरवा भाग आज हिरवाच असेल असे गृहीत धरू नका. ड्रोन उडवण्यापूर्वी दर वेळी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहा, क्षेत्र पिवळे असेल तर रीतसर परवानगी घ्या. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंडाहून मोठी गोष्ट म्हणजे वरच्या विमानात एकट्याने पहिला लांबचा प्रवास करणारी अठरा-वीस वर्षांची मुलगी असू शकते. तिने आपला मार्ग आधी कळवलेला असतो. खालच्या माणसानेही आपला हिशेब चोख ठेवला, तरच तिची वाट सुरक्षित राहील.

पुढील लेखांकात : आकाश अचानक बंद झाल्याचा निरोप वैमानिकापर्यंत कसा पोहोचतो?