तेलाचा उगम आणि मजुराचा दाखला

उंद्रीच्या आमच्या वस्तीत सोयाबीनची सोंगणी म्हणजे वर्षाच्या मजुरीतला मोठा वाटा. बायामाणसे टोळी करून एकरी गुत्ता ठरवतात. २०२४ च्या हंगामात शेतमालक म्हणाला, "भाव पडला, गुत्ता कुठून वाढवू?" तो खोटे बोलत नव्हता. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आणि बाजारातला भाव त्याखाली. भूमिहीनाचा बाजाराशी संबंध येतो तो असा, शेवटच्या पायरीवर. व्यापार करार हा आपला विषय नव्हे, असे मानणाऱ्या कार्यकर्त्या मित्रांसाठी हे लिहितो आहे.

दक्षिण आशियातील देशांनी १९९३ साली ढाक्याला आपसातील जकात-सवलतींचा 'साप्टा' करार केला. त्याच्या पुढचा 'साफ्टा' २००४ साली इस्लामाबादला झाला आणि २००६ पासून लागू झाला. दरम्यान श्रीलंकेशी स्वतंत्र करार झाला, पुढे आसियान देशांशी. गरीब शेजाऱ्याच्या मालाला दार उघडावे, या तत्त्वाला माझा विरोध नाही. नेपाळातला मजूर माझा शत्रू नव्हे.

पण ही सवलत मिळते ती उगमाच्या दाखल्यावर. नेपाळात पामची शेती नाही, सोयाबीनही थोडेच. तरी परदेशातून आणलेले कच्चे तेल तिथे शुद्ध होते, आणि ठरलेली मूल्यवाढ दाखवली की ते नेपाळी ठरून बिनजकात भारतात येते. सप्टेंबर २०२४ मध्ये भारताने शुद्ध तेलावरची मूळ जकात ३२.५ टक्के केली, त्यानंतर ही आवक फार वाढली. जकातीतला फरक गिरणीवाल्याच्या आणि व्यापाऱ्याच्या पदरात. (भाव केवळ याने पडला, असे मी म्हणत नाही. सोयाबीनमध्ये तेल पाचव्या हिश्श्याहून कमी. पेंडेची मागणी आणि जगातले पीक यांचा जोर मोठा.)

परदेशातल्या तेलाला असा नवा जन्म मिळतो. आमच्या वस्तीतल्या पोराला मात्र जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबाच्या नावावर जमीनच नव्हती, तर सातबारा आणायचा कुठून? तीन खेपा झाल्या.

या करारांत माल आहे, टक्केवारी आहे. सोंगणाऱ्याच्या मजुरीचा रकाना नाही. आमच्या टोळीने आता एक वही केली आहे. चिखलीच्या बाजारातला भाव एका रकान्यात, गुत्ता दुसऱ्यात. तिसऱ्यात तेलावरची जकात. तो आकडा वर्तमानपत्रातून काढून देणे माझ्याकडे आहे.