पानावरचा चौकोन आणि घरातला फोन

बालभारतीचे अलीकडचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडा. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन, म्हणजे क्यूआर कोड, त्यात सापडेल. वर्गात मोबाइल असावा की नसावा, हा वाद आपण अजून घालतोच आहोत. या चौकोनाने मात्र मोबाइलला पुस्तकातच जागा करून दिली आहे. ही जागा कशी मिळाली आणि तिचा लाभ कोणाला होतो, ते पाहू.

हा चौकोन शाळेसाठी जन्मलेला नाही. १९९४ साली जपानमध्ये मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. आमच्या ओझरला विमानांचा कारखाना आहे, त्यामुळे सुट्या भागांची नोंद म्हणजे काय, हे इथे वेगळे सांगावे लागत नाही. कोडच्या तीन कोपऱ्यांतल्या चौकटींमुळे तो कसाही धरला तरी कॅमेऱ्याला दिशा कळते. त्याच्या सर्वांत भक्कम प्रकारात सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी माहिती वाचता येते. कारखान्यातल्या तेलकट हातांसाठी केलेली ही सोय दप्तरात चुरगळणाऱ्या पुस्तकाच्याही कामी आली.

पुस्तकात तो आणण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात रणजितसिंह डिसले यांचे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत ते २००९ मध्ये रुजू झाले. त्यांनी पुस्तकांत कोड घातले. ते स्कॅन केले की कविता ऐकू येई, पाठाची चित्रफीत दिसे. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ही पद्धत आली. केंद्राचे 'दीक्षा' हे व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाले. तिथल्या कोडखाली सहा अक्षर-अंकांची एक खूणही छापलेली असते. कॅमेरा चालला नाही तर ती टाइप करून पाठ उघडता येतो. पाठ आधी उतरवून ठेवला, तर नेट नसतानाही दाखवता येतो. डिसले यांना २०२० मध्ये 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले, आणि दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

इथपर्यंतची कथा आनंदाची आहे. पण 'असर २०२३' या अहवालात ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटाची पाहणी आहे. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के. म्हणजे कोड सर्वांच्या पुस्तकात सारखाच; तो उघडणारा फोन मात्र बहुधा वडिलांच्या नाहीतर भावाच्या खिशात. निफाड तालुक्यात द्राक्षांचा हंगाम चालू असताना घरातला एकमेव फोन सकाळीच बागेत जातो. 'घरी कोड स्कॅन करून पाहा' असा गृहपाठ दिला, की कोणाची वही कोरी राहील हे आधीच ठरते.

म्हणून माझे मत असे : मोबाइलवरचे काम वर्गातच व्हावे, आणि त्यासाठी शिक्षकांचा एक फोन पुरतो. चित्रफीत तीन मिनिटे दाखवावी, मध्येच थांबवावी आणि 'पुढे काय होईल?' असे विचारावे. उत्तर मुलांनी द्यावे. फोनने ते नंतर पडताळावे.

याहून मोलाचा एक उपयोग आहे, त्याला कोडही लागत नाही आणि नेटही. मुलीला धडा मोठ्याने वाचू द्यावा, तो रेकॉर्ड करावा आणि तिलाच ऐकवावा. आपण कुठे अडखळलो, कुठे विराम गिळला, हे तिला कोणी न रागावता कळते. महिन्याने तोच उतारा पुन्हा वाचून घेतला, की दोन वाचनांमधला फरक तिचा तिलाच ऐकू येतो.

आपण फोनकडून मुलांना खूप ऐकवले. आता त्याने मुलांचे ऐकावे. घरी फोन नसलेली मुलगीही मग मागे राहणार नाही.