उदाहरणाचा अधिकार : रिक बियाटो यांचे संगीताध्यापन आणि त्यावरील वाद

कवितेचा तास घेणाऱ्या शिक्षकास कवितेच्या ओळी म्हणून दाखविण्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागत नाही. ओळ फळ्यावर लिहावी, तिचा छंद उलगडून दाखवावा, शब्दयोजनेतील मर्म सांगावे, हे त्याचे नित्याचे काम होय. ही मोकळीक आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, ती कायद्याने दिलेली आहे आणि व्यवहारात ती आकुंचितही होऊ शकते, हा विचार आमच्या मनास सन २०२० पर्यंत कधी शिवला नव्हता.

त्या वर्षी शाळा बंद होत्या आणि पाठ मोबाइलवरून घरोघर जात होते. आमच्या शाळेतील संगीतशिक्षकांनी भूप रागावर वीस मिनिटांचा पाठ चित्रित करून तो यूट्यूबवर ठेविला. रागाचे चलन मुलांच्या कानी पडावे म्हणून त्यांनी एका जुन्या ध्वनिमुद्रिकेतील बारा-पंधरा सेकंदांचा आलाप मध्येच ऐकविला होता. दुसऱ्याच दिवशी एका ध्वनिमुद्रण कंपनीच्या वतीने हक्काचा दावा लागल्याची सूचना आली. शिक्षक घाबरले. आम्हीही कायद्याचे पुस्तक न उघडताच त्यांस म्हणालो, "सर, काढून टाका. शाळेच्या नावाला बट्टा नको." त्यांनी पाठ काढून टाकला, आणि त्यानंतर तसा एकही पाठ केला नाही. आमचा तो सल्ला योग्य होता काय, हा प्रश्न रिक बियाटो या अमेरिकन संगीतशिक्षकाची हकीकत अभ्यासताना आमच्यापुढे पुन्हा उभा राहिला. ती हकीकत, तिच्यामागील यंत्रणा आणि कायदा यांची ओळख करून द्यावी, इतकाच या लेखाचा हेतू आहे.

बियाटो यांचा जन्म १९६२ साली न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरानजीकच्या फेअरपोर्ट या गावी झाला. इथाका महाविद्यालयातून संगीताची पदवी घेतल्यावर त्यांनी बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीतून जॅझ संगीतात पदव्युत्तर पदवी संपादन केली, आणि पुढे इथाका येथेच काही काळ अध्यापन केले. नंतर ते ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात शिरले. अटलांटा शहराजवळ त्यांनी स्वतःचा स्टुडिओ चालविला, वाद्यवृंद काढला, इतरांसाठी गीतरचना केली. त्यांचा सहभाग असलेले 'कॅरोलायना' हे गीत २०१३ साली अमेरिकेतील ग्रामीण ढंगाच्या संगीताच्या क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचले. तरीही पन्नाशी उलटेपर्यंत हे गृहस्थ व्यवसायाबाहेर फारसे कोणास ठाऊक नव्हते.

त्यांच्या प्रसिद्धीस निमित्त झाले ते त्यांच्या लहानग्या मुलाचे. पियानोवर एकाच वेळी अनेक सुरांचे गुंतागुंतीचे गुच्छ दाबले असता त्यांतील एकेक सूर न पाहता सांगण्याची विलक्षण श्रवणशक्ती या मुलास होती. २०१५ च्या अखेरीस प्रसृत झालेली त्याची चित्रफीत लक्षावधी लोकांनी पाहिली. पाहणाऱ्यांचे प्रश्न येऊ लागले, आणि त्यांची उत्तरे देता देता बियाटो यांनी २०१६ साली यूट्यूबवर नियमित अध्यापनास आरंभ केला. २०२५ पर्यंत त्यांच्या वाहिनीच्या सभासदांची संख्या पन्नास लाखांच्या वर गेली होती.

त्यांची 'हे गाणे थोर का?' अशा अर्थाच्या नावाची व्याख्यानमाला विशेष लोकप्रिय झाली. तिची पद्धत आपल्या रसग्रहणाच्या तासाहून निराळी नाही. एक परिचित गीत घ्यावयाचे आणि शक्य तेथे त्याच्या मूळ मुद्रणातील घटक सुटे करून ऐकवावयाचे: येथे केवळ ढोल, येथे खर्जाची गिटार, येथे मागील गायकांचे स्वर. मग थांबून सांगावयाचे की, या ठिकाणी स्वरगुच्छ अपेक्षेप्रमाणे न उतरता अन्यत्र वळला, म्हणून ऐकणाऱ्याच्या अंगावर शहारा आला. ज्यांस संगीतशास्त्राचा गंध नाही असे श्रोतेही यामुळे कान देऊन ऐकावयास शिकले. पुढे स्टिंग, पॅट मेथेनी, ब्रायन मे, कीथ जॅरेट यांसारख्या मान्यवर कलावंतांच्या दीर्घ मुलाखतीही त्यांनी घेतल्या.

परंतु या पद्धतीचा प्राण म्हणजे उदाहरण, आणि वादाचे मूळही तेथेच आहे. गाणे न ऐकविता त्याचे रसग्रहण करणे म्हणजे कविता न वाचता तिच्यावर टीप लिहून देणे होय.

हा वाद समजण्यासाठी यूट्यूबची व्यवस्था थोडी समजून घेतली पाहिजे. या कंपनीने २००७ साली 'कंटेंट आयडी' नावाची यंत्रणा सुरू केली. हक्कधारक कंपन्या आपल्या ध्वनिमुद्रणांच्या प्रती तिच्या स्वाधीन करितात. यंत्र प्रत्येक मुद्रणाचा जणू अंगठ्याचा ठसा घेऊन ठेविते, आणि नव्याने येणारी प्रत्येक चित्रफीत त्या ठशांशी ताडून पाहते. जुळणी झाली की हक्कधारकास तीन मार्ग मोकळे असतात: चित्रफीत अडविणे, तिच्यावरील जाहिरातींचे उत्पन्न स्वतःकडे वळविणे, अथवा ती केवळ किती पाहिली जाते याची नोंद ठेवणे. पाठ पाऊण तासाचा असो आणि त्यात परकी ध्वनी दहा सेकंदांची असो, दावा लागू शकतो. ठसा जुळला एवढेच यंत्रास कळते. ती ध्वनी कोणी विकण्यासाठी वापरली की शिकविण्यासाठी, हे त्यास कळत नाही. दाव्यास हरकत घेता येते. परंतु ती हरकत प्रथम विचारार्थ जाते ती दावा करणाऱ्याकडेच.

याहून कठोर मार्ग म्हणजे चित्रफीत काढून टाकण्याची कायदेशीर मागणी. ती मान्य झाली की वाहिनीच्या नावे एक ठपका नोंदविला जातो, आणि नव्वद दिवसांच्या अवधीत असे तीन ठपके आले तर संपूर्ण वाहिनीच बंद होऊ शकते. म्हणजे एका उदाहरणापायी वर्षानुवर्षांचे सर्व पाठ पुसले जाण्याची भीती असते. दावा आणि ठपका यांतील हा भेद शिक्षकांनी नीट ध्यानी धरावा. आमच्या शाळेस आलेली सूचना केवळ दाव्याची होती. आम्ही ती ठपक्याची समजून भ्यालो.

अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यात 'न्याय्य वापर' या तत्त्वास स्थान आहे. वापराचा हेतू काय, मूळ कृती कोणत्या प्रकारची, तिचा किती भाग घेतला, आणि त्यामुळे मूळ कृतीच्या बाजारावर काय परिणाम झाला, या चार कसोट्या न्यायालयाने लावावयाच्या असतात. टीका, भाष्य व अध्यापन यांचा त्या कलमात नावानिशी उल्लेख आहे. तेथील एका वरिष्ठ न्यायालयाने २०१५ साली असाही निर्णय दिला की, चित्रफीत काढावयास सांगण्यापूर्वी हक्कधारकाने तो न्याय्य वापर आहे काय याचा विचार केला पाहिजे. ते प्रकरण एका आईने आपल्या तान्ह्या मुलाच्या नाचाच्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीवरून उद्भवले होते. मागे प्रिन्स या गायकाचे गीत वाजत होते. निर्णय झाला खरा; परंतु त्या आईस त्यासाठी सुमारे आठ वर्षे न्यायालयात घालवावी लागली. सामान्य शिक्षकापाशी इतके बळ कोठून असणार?

जुलै २०२० मध्ये अमेरिकन सिनेटच्या बौद्धिक संपदाविषयक उपसमितीपुढे बियाटो यांनी साक्ष दिली. अध्यापनासाठी घेतलेल्या अल्प अंशांवर यंत्राकरवी दावे लागतात आणि न्याय्य वापराचे तत्त्व कागदावरच राहते, हे त्यांच्या गाऱ्हाण्याचे सार होते. येथे दुसरी बाजूही ऐकावयास हवी. त्याच उपसमितीपुढे त्याच वर्षी जूनमध्ये 'ईगल्स' या वाद्यवृंदाचे डॉन हेन्ली यांनीही साक्ष दिली होती. त्यांचे गाऱ्हाणे अगदी उलट होते: १९९८ चा कायदा मोठ्या संगणकीय कंपन्यांस झुकते माप देतो, कलावंताने एक चोरटी प्रत काढावयास लावावी तो तीच अन्यत्र प्रकट होते, आणि पाळत ठेवण्याचा सारा भार निर्मात्यावरच पडतो. हे म्हणणे खोटे नाही. आयुष्यभराच्या रियाझाचे मोल कोणी फुकट लाटू नये, हे लेखकांच्या संस्थेस वेगळे सांगण्याची गरज नाही. मात्र संपूर्ण गीताची नक्कल करणारा आणि त्यातील दहा सेकंद ऐकवून त्यावर दहा मिनिटे बोलणारा, या दोघांस एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये हा वाद पुन्हा पेटला. युनिव्हर्सल म्युझिक ग्रुप या बलाढ्य कंपनीकडून आपल्या मुलाखतींतील त्रोटक अंशांवर दाव्यामागून दावे येत असून वाहिनीवर ठपकेही आले आहेत, असे बियाटो यांनी जाहीरपणे सांगितले. कलावंत स्वतः समोर बसून ज्या गीताविषयी बोलत आहे, त्याच गीताचे काही क्षण ऐकविल्याबद्दल हे दावे होते, असे त्यांचे म्हणणे. या कामासाठी त्यांनी वकील नेमला, आणि लढविलेले हजारो दावे आपल्या बाजूने सुटल्याचेही सांगितले. त्यांचे हे म्हणणे ग्राह्य धरले, तर त्यातून एक विचारणीय गोष्ट निघते. जो वकील नेमू शकतो त्याचे दावे सुटतात. ज्यास ते परवडत नाही तो आमच्या संगीतशिक्षकांप्रमाणे पाठच काढून टाकतो.

बियाटो यांच्यावर इतरही आक्षेप आहेत. आजचे लोकप्रिय संगीत निकृष्ट होत चालले आहे, असे ते वारंवार म्हणतात. तरुण संगीतकार यास वयोवृद्धांची कुरकुर समजतात. आपल्याकडेही प्रत्येक पिढीस पुढील पिढीची कविता बेसूर वाटत आली आहे, तेव्हा हा आक्षेप आम्ही हसून सोडून देतो. अभिरुचीचा वाद शेवटी कानांनी सुटतो. परंतु त्यासाठी ऐकविण्याची मुभा तरी असावी लागते.

आता आपल्या देशाकडे वळू. भारताचा प्रताधिकार कायदा १९५७ चा आहे. त्याच्या बावन्नाव्या कलमात खाजगी उपयोग, संशोधन, टीका व समीक्षण यांसाठी केलेल्या न्याय्य वापरास, तसेच शिक्षकाने अथवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेल्या प्रतिकृतीस भंग मानलेले नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका छायाप्रतींच्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आदी प्रकाशकांनी २०१२ साली दावा लाविला होता. त्यात २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने 'अध्यापनाचा ओघ' याचा अर्थ वर्गातील व्याख्यानापुरता संकुचित नाही असे ठरविले. अर्थात वर्गासाठी प्रती काढणे आणि पाठ जगभर खुला करणे या दोन गोष्टी एक नव्हेत; जाहीर पाठास समीक्षणाच्या तरतुदीचा आधार अधिक जवळचा वाटतो. आणखी एक भेद लक्षात असावा. देवलांसारख्या दिवंगत नाटककाराची पदे आज सर्वांस मोकळी आहेत; परंतु त्या पदाचे ध्वनिमुद्रण ही स्वतंत्र कृती असून तिच्यावरील हक्क भारतात प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. म्हणून शिक्षकाने तेच पद स्वतः गाऊन दाखविले तर बहुतेक अडचणी टळतात.

ज्ञानाच्या मालकीचा प्रश्न आपल्या संगीतास नवा नाही. घराण्यांतील बंदिशी पूर्वी ठेव्याप्रमाणे जपल्या जात, आणि बाहेरच्यास त्या सहजासहजी मिळत नसत. भातखंडे यांनी गावोगाव फिरून त्या मिळविल्या, स्वरलिपीत उतरविल्या आणि 'क्रमिक पुस्तकमालिके'त मराठीतून प्रसिद्ध केल्या. १९१६ ची बडोद्याची संगीतपरिषद आणि १९१८ साली ग्वाल्हेरीस स्थापन झालेले माधव संगीत विद्यालय ही त्याच प्रयत्नाची फळे होत. ज्यांनी बंदिशी दिल्या त्यांचा मान राखूनच त्या शिष्यांपर्यंत पोहोचविता येतात, हे त्या कार्याने दाखवून दिले. आज त्या काळच्या गवयाच्या जागी ध्वनिमुद्रण कंपनी आली आहे, आणि ती समोर बसत नाही, यंत्र बसविते. म्हणून विनंती करण्याचीही सोय उरली नाही.

तेव्हा अकादमीस आमची सूचना अशी की, बावन्नावे कलम आणि यूट्यूबवरील हरकतीची रीत सोप्या मराठीत सांगणारी आठ पानांची एक पुस्तिका जाणत्या वकिलाकडून लिहवून घ्यावी आणि ती प्रत्येक शाळेस पाठवावी. उदाहरण लहान असावे, त्यावर भाष्य अवश्य असावे, कलावंताचे व मुद्रणाचे नाव सांगावे, आणि सूचना आल्यास ती दाव्याची की ठपक्याची हे आधी वाचावे, एवढे जरी शिक्षकांस कळले तरी निष्कारण भीती पुष्कळ कमी होईल.

आमच्यापुरते म्हणाल, तर हा लेख लिहून होताच आम्ही त्या संगीतशिक्षकांस बोलावून घेतले आणि आमचा २०२० चा सल्ला मागे घेतला. भूपाचा पाठ त्यांच्यापाशी अजून जपून ठेविलेला आहे. येत्या सत्रात तो पुन्हा ठेवावयाचा, दावा आलाच तर शाळेच्या नावे रीतसर हरकत घ्यावयाची, आणि त्या हरकतीवर सही मुख्याध्यापकाने करावयाची, असे ठरले आहे.