व्यापाऱ्याचे तांबडे घर

लंडनच्या पश्चिमेस, थेम्स नदीच्या काठी, क्यू येथील वनस्पती उद्यानात तांबड्या विटांचे एक उंच घर उभे आहे. आज ते ‘क्यू पॅलेस’ म्हणून ओळखले जाते. परंतु ते बांधविले कोणा राजाने नव्हे. धर्मछळामुळे फ्लँडर्समधून इंग्लंडात आलेल्या कुळातील सॅम्युअल फोर्ट्री या व्यापाऱ्याने ते १६३१ मध्ये उभारले. आपण उंबरठ्यावर ‘शुभ-लाभ’ लिहितो. फोर्ट्रीने दारावर बांधणीचे साल आणि स्वतःच्या नावाबरोबर पत्नी कॅथरिनच्या नावाचे आद्याक्षरही कोरून घेतले. ती अक्षरे अजून तेथे आहेत.

घराचे खरे वैभव विटांच्या मांडणीत आहे. त्या काळी इंग्लंडात बहुधा एका थरात सर्व विटांची लांब बाजू दर्शनी ठेवीत, तर पुढच्या थरात आखूड. येथे मात्र एकाच थरात लांब आणि आखूड बाजू आळीपाळीने येतात, आणि प्रत्येक आखूड बाजू खालच्या लांब विटेच्या मध्यावर बसते. त्यामुळे उभे सांधे एका रेषेत येत नाहीत. भार वाटला जातो आणि भिंत विणलेल्या वस्त्रासारखी दिसते. या रचनेला ‘फ्लेमिश’ म्हणतात. खिडक्यांभोवतीची सजावटही तासलेल्या विटांचीच आहे. वर डच धर्तीचे तीन वक्र माथे असल्याने घराला ‘डच हाउस’ हे नाव पडले.

१७२८ मध्ये राणी कॅरोलाइनने हे घर भाड्याने घेतले. पुढे तिसऱ्या जॉर्जच्या कुटुंबाने येथे वास्तव्य केले. त्याची राणी शार्लट १८१८ मध्ये याच घरात निवर्तली. शेजारचा व्हाइट हाउस हा राजवाडा मात्र १८०२ मध्ये पाडण्यात आला. राजाने नव्याने आरंभिलेला किल्लेवजा प्रासाद अपुराच राहिला आणि पुढे तोही जमीनदोस्त झाला. टिकले ते व्यापाऱ्याचे घर.

१९९६ पासून २००६ पर्यंत त्याचा जीर्णोद्धार झाला. विटांवर सापडलेल्या जुन्या रंगाच्या खुणांवरून तांबड्या मातीच्या रंगाचा चुना पुन्हा देण्यात आला. वरच्या मजल्यावरील राजकन्यांच्या खोल्या मात्र नव्याने न सजविता होत्या तशाच राखल्या.

आपल्या पेठांतून पूर्वजांचे वाडे आज एकेक करून पडत आहेत. जे उरले, त्यांच्या चुन्यात रचलेल्या भिंतींवर घाईने सिमेंटचा गिलावा चढविला जातो. चुना ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती आत कोंडते, आणि मऊ वीट आतून झिजू लागते. म्हणून डागडुजीपूर्वी चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधावा. जे राखता येईल ते राखावे. जे नव्याने करावे लागेल, ते जुन्याच्या प्रकृतीला मानवेल असे करावे. तीर्थांच्या जीर्णोद्धारास आपण पुण्यकर्म मानतो. ज्या घरात आजोबांनी पहिली रोजमेळ लिहिली, त्या घरालाही त्या भावनेचा थोडा अंश लाभावा.