वसाहतविस्तार आणि माल्थसचा लोकसंख्या सिद्धान्त

इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ थॉमस रॉबर्ट माल्थस (१७६६–१८३४) यांच्या लोकसंख्या सिद्धान्तातील वाढीचा दर युरोपातून नव्हे, तर उत्तर अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींच्या अनुभवातून घेतलेला होता.

पार्श्वभूमी

बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७५१ मध्ये लिहिलेला निबंध १७५५ मध्ये प्रसिद्ध झाला. वसाहतींत जमीन मुबलक व स्वस्त असल्याने विवाह लवकर होतात आणि लोकसंख्या सुमारे २० ते २५ वर्षांत दुप्पट होते, असे त्यांनी त्यात मांडले.

माल्थस यांची मांडणी

माल्थस यांनी १७९८ मध्ये आपला निबंध निनावी प्रसिद्ध केला. अमेरिकेतील दर हा निर्बंधरहित वाढीचा दर मानून लोकसंख्या दर २५ वर्षांनी भूमितीय श्रेणीने (१, २, ४, ८), तर अन्नोत्पादन अंकगणितीय श्रेणीने (१, २, ३, ४) वाढते, असे त्यांनी प्रतिपादन केले. १८०३ च्या विस्तारित आवृत्तीत त्यांनी जेम्स कूक यांच्या सफरींच्या वृत्तांतांचाही आधार घेतला.

मर्यादा

वसाहतींतील जमीन निर्मनुष्य नव्हती. साथीचे रोग, युद्धे व विस्थापन यांमुळे तेथील मूळ रहिवाशांची संख्या घटत होती. या घटीचा २५ वर्षांच्या हिशेबात समावेश नव्हता. मूळ रहिवाशांना उपासमारीकडे लोटण्याच्या नैतिकतेविषयी माल्थस यांनी १८०३ मध्ये प्रश्न उपस्थित केला. मात्र दर कायम ठेवला. त्यामुळे विशिष्ट ऐतिहासिक परिस्थितीतील वाढ नैसर्गिक नियम म्हणून रूढ झाली.

भारताशी संबंध

माल्थस १८०५ पासून मृत्यूपर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या महाविद्यालयात प्राध्यापक होते. हे महाविद्यालय पुढे हेलिबरी येथे होते. भारतात नेमले जाणारे कंपनीचे अनेक मुलकी अधिकारी तेथे अर्थशास्त्र शिकले.