देवघेवीच्या खिडकीवर लॅपटॉप
रविवार, सकाळचे साडेदहा. तालुक्याच्या गावातल्या या महाविद्यालयात देवघेवीच्या खिडकीवर आज पुस्तकं नाहीत, लॅपटॉप रचलेत. जाडसर, काळे, कोपरे घासलेले; एका कंपनीनं वापरून काढलेले. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली, रॅम वाढवली, उबुंटू टाकलं की यंत्र आणखी काही वर्षं चालतं, असं म्हणत संगणक विभागाचे सर एक चालू करून दाखवतात.

रांगेत सगळे ऑनलाइन शिकणारे. पेट्रोल पंपावरून रात्रपाळी संपवून आलेला मुलगा अजून गणवेशातच आहे. तो मोबाईलवर पायथन शिकतोय. मी बघायला मागतो. पडद्यावर कोडच्या मोजक्या ओळी. कीबोर्ड उघडला की त्यातल्याही निम्म्या झाकल्या जातात. "एरर कुठंय ते शोधण्यातच रात्र जाते, सर." व्याख्यान ऐकायला मोबाईल पुरतो. लिहायला, खोडायला, पुन्हा लिहायला पुरत नाही. 'प्रत्येकाच्या हातात फोन आहेच की' असं म्हणणाऱ्यांनी या मुलाशेजारी पाच मिनिटं उभं राहावं. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत ग्रामीण भागात शंभरातल्या जेमतेम चार घरांत संगणक होता. २०२० मध्ये वर्ग बंद झाले तेव्हा आयआयटी मुंबईलाही गरजू विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपसाठी देणग्या मागाव्या लागल्या.

सरांच्या कपाटात एक 'आकाश' टॅबलेट आहे, २०११ मध्ये केंद्र सरकारनं आणलेला. रॅम २५६ एमबी. स्वस्तातल्या स्वस्त यंत्राचा तो ध्यास होता. मला इथली रीत जास्त पटते: यंत्र महाविद्यालयाचं, अनामत हजार रुपये आणि तीही दोन हप्त्यांत, बिघाड झाला तर याच खिडकीवर आणून द्यायचं. विद्यार्थ्याला दुरुस्तीचा खर्चच परवडत नाही.

खिडकीशी आवाज चढतो. अंगणवाडी मदतनीस असलेल्या एक ताई मुक्त विद्यापीठातून बीए करतायत. अर्जात हमीदाराचा रकाना आहे: 'कायम नोकरीतील व्यक्ती'.

"असं माणूस मी कुठून आणू, मॅडम?"

लिपिक म्हणतात, "नियम आहे, ताई."

ग्रंथपाल मॅडम अर्ज हातात घेतात. "पुस्तक देताना आपण हमीदार मागतो का?"

"पुस्तक दोन-तीनशेचं असतं, मॅडम. हे हरवलं तर?"

प्रश्न खोटा नाही. अशा योजनेत एक यंत्र परत आलं नाही की सगळ्यांचीच दारं बंद होतात, ही भीती लिपिकांच्या चेहऱ्यावर दिसतेय. पण ज्याच्यासाठी योजना, त्यालाच बाहेर ठेवणारा रकाना काय कामाचा?

मॅडम तिथूनच प्राचार्यांना फोन लावतात. बोलणं लांबतं. रांग गप्प. फोन ठेवून त्या लाल पेन उचलतात, रकान्यावर आडवी रेघ मारतात, खाली सही करतात. मग उरलेले अर्ज ओढून घेतात आणि एकेकावर तीच रेघ.

दुपारपर्यंत लॅपटॉप संपतात, माणसं उरतात. त्यांची नावं वहीत उतरवता उतरवता मॅडम सांगतात, उद्यापासून संगणक कक्ष रात्री नऊपर्यंत उघडा.

"आणि किल्ली कोणाकडे?" शिपाईमामा विचारतात.

"माझ्याकडे."