जुन्या लिनक्स भ्रमणध्वनीची बॅटरी : बदल आणि पडताळणी

नोकिया कंपनीचा एन-९०० हा भ्रमणध्वनी संच नोव्हेंबर २००९ मध्ये बाजारात आला. साडेतीन इंची पडदा, सरकवून उघडणारा कळफलक, २५६ मेगाबाइट स्मृती आणि ३२ गिगाबाइट साठवणक्षमता असलेल्या या संचावर मीमो-५ ही लिनक्सवर आधारित प्रणाली चालत असे. त्या प्रणालीचा विकास कंपनीने पुढे थांबवला आणि नोकियाचा भ्रमणध्वनी व्यवसायही २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेला. तरीही हा संच आजही चालू स्थितीत ठेवणारे हौशी तंत्रज्ञ जगभर आहेत. 'मीमो लेस्ते' आणि २०१७ मध्ये सुरू झालेला 'पोस्टमार्केट-ओएस' या स्वयंसेवकांच्या प्रकल्पांमुळे अशा संचांवर अलीकडच्या काळातील लिनक्स बसवता येते. प्रणाली नवी करता येते. बॅटरीतील रसायन मात्र नवे करता येत नाही. त्यामुळे जुना संच उपयोगात राहणार की कपाटात जाणार, याचा निर्णय बहुतेक वेळा बॅटरीच करते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. अँड्रॉइड प्रणालीचा गाभाही लिनक्सच आहे. मात्र या लेखात 'लिनक्स संच' म्हणजे ज्यांवर संगणकाप्रमाणे संपूर्ण लिनक्स प्रणाली चालते आणि जिच्या अंतर्भागातील नोंदी वापरकर्त्याला थेट वाचता येतात, असे संच अभिप्रेत आहेत. बॅटरीच्या चाचणीसाठी हीच सोय महत्त्वाची ठरते.

बॅटरी का थकते?

भ्रमणध्वनीतील बॅटरी लिथियम-आयन प्रकारची असते. प्रभारण होताना लिथियमचे आयन एका अग्रावरून ग्रॅफाइटच्या दुसऱ्या अग्रात जाऊन बसतात आणि वापराच्या वेळी परत येतात. या ये-जा करण्यात ग्रॅफाइटवर साचणारा पातळ थर हळूहळू जाड होतो. त्यात काही लिथियम कायमचे अडकते आणि बॅटरीचा अंतर्गत रोधही वाढतो. सर्वसाधारणपणे ३०० ते ५०० पूर्ण आवर्तनांनंतर क्षमता मूळच्या सुमारे ८० टक्क्यांवर येते. बॅटरी न वापरताही ही झीज चालूच राहते. उष्णता आणि पूर्ण भरलेली अवस्था एकत्र आल्यास तिचा वेग वाढतो. उन्हाळ्यात बंद मोटारीत भरलेल्या बॅटरीसह संच ठेवणे याच कारणासाठी अपायकारक होय.

जुना संच '३० टक्के शिल्लक' दाखवत असतानाच अचानक बंद पडतो, याचे कारण बहुधा वाढलेल्या रोधात असते. २जी जाळ्याशी संपर्क साधताना भ्रमणध्वनी क्षणभरासाठी सुमारे २ अँपिअरपर्यंत प्रवाह खेचू शकतो. रोध ०.१५ ओहम असेल तर त्या क्षणी ०.३ व्होल्टची घट होते आणि संच ती सहन करतो. तोच रोध ०.४ ओहम झाला तर घट ०.८ व्होल्टची होते. ३.७ व्होल्टवर असलेली बॅटरी त्या क्षणी २.९ व्होल्टवर येते आणि संच बंद होतो. बॅटरीत ऊर्जा शिल्लक असूनही ती देण्याची ताकद उरलेली नसते. म्हणून बॅटरीची पारख करताना क्षमता आणि रोध ही दोन्ही मोजमापे लागतात.

'नवी' बॅटरी किती नवी?

एन-९०० मध्ये बीएल-५जे ही ३.७ व्होल्ट आणि १३२० मिलीअँपिअर-तास क्षमतेची बॅटरी असे. म्हणजे सुमारे ४.९ वॅट-तास ऊर्जा. हीच बॅटरी भारतात मोठ्या प्रमाणावर विकल्या गेलेल्या नोकिया ५२३३ या संचातही होती. पुढे ल्युमिया ५२० मध्ये तिची १४३० मिलीअँपिअर-तासांची आवृत्ती आली. त्यामुळे या मापाच्या बॅटऱ्या अजूनही दुकानांतून मिळतात. मात्र त्यांत दोन धोके आहेत.

पहिला धोका वयाचा. वेष्टनातून आज प्रथमच बाहेर निघालेली अस्सल बॅटरी दहा-बारा वर्षांपूर्वी तयार झालेली असू शकते. ती 'न वापरलेली' असते, 'नवी' नसते. दुसरा धोका नकलेचा. त्याच आकाराच्या बॅटरीवर २००० किंवा २४०० मिलीअँपिअर-तास असा आकडा छापलेला आढळल्यास तो खरा मानू नये. एवढ्या जागेत या रसायनाची तितकी ऊर्जा मावत नाही.

सुरक्षिततेचा प्रश्न याहून गंभीर आहे. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्यांबाबत इशारा दिला होता. प्रभारणाच्या वेळी त्या प्रमाणाबाहेर तापण्याची शक्यता होती. मूळ उत्पादनातही असा दोष राहू शकतो, तर निर्मात्याचा पत्ता नसलेल्या बॅटरीबाबत अधिक सावध राहणे भाग आहे. भारतात अशा बॅटऱ्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १६०४६ हे मानक आहे आणि त्याखालील नोंदणी अनिवार्य आहे. खरेदी करताना मानकचिन्ह, 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि उत्पादनाची तारीख पाहावी.

बदलण्यापूर्वीची तपासणी

एन-९०० सारख्या संचाचे मागील झाकण नखाने उघडते आणि बॅटरी हाताने निघते. प्रथम संच रीतसर बंद करावा, प्रभारक काढावा आणि मगच बॅटरीला हात लावावा. जुनी बॅटरी सपाट टेबलावर ठेवून बोटाने फिरवावी. ती भोवऱ्यासारखी गरगर फिरली, तर पोट फुगले आहे असे समजावे. आतील द्रावणाचे विघटन होऊन वायू साचल्याचे ते लक्षण असते. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये आणि पुन्हा प्रभारितही करू नये.

नव्या बॅटरीचा दाब बहुमापकाने मोजावा. दीर्घकाळ साठवलेल्या चांगल्या बॅटरीतही साधारणतः ३.५ ते ३.९ व्होल्ट दाब आढळतो. तो २.५ व्होल्टच्या खाली गेला असल्यास ती बॅटरी वापरू नये. अतिशय खोलवर उतरलेल्या पेशीत तांबे विरघळून पुढे अंतर्गत लघुपथन होण्याचा धोका असतो. शून्य व्होल्ट दिसल्यास आतील संरक्षक मंडलाने जोडणी तोडलेली असू शकते. अशी बॅटरी बळेच 'जागी' करण्याचे प्रयोग टाळावेत.

आणखी एक अडचण जुन्या लिनक्स संचांत विशेष जाणवते. एन-९०० चे प्रभारण बीक्यू-२४१५० या चिपद्वारे होते आणि त्या चिपला प्रणालीकडून दर ३२ सेकंदांच्या आत 'मी जागी आहे' असा संकेत मिळावा लागतो. प्रणाली सुरूच होत नसेल, तर प्रभारणावर देखरेख करणारे कोणी उरत नाही. त्यामुळे बॅटरी पूर्ण उतरू देऊ नये. तसे झालेच, तर ती बाहेरील प्रभारकात किंवा तीच बॅटरी चालणाऱ्या दुसऱ्या संचात थोडी भरून घ्यावी.

लिनक्स काय सांगते?

लिनक्समध्ये बॅटरीची माहिती साध्या धारिकांच्या रूपात उपलब्ध असते. 'सिस' या मुख्य निर्देशिकेतील 'क्लास' आणि त्याखालील 'पॉवर सप्लाय' या विभागात दाब, प्रवाह, तापमान, शिल्लक प्रभार आणि पूर्ण क्षमता यांच्या स्वतंत्र नोंदी असतात. दाब मायक्रोव्होल्टमध्ये आणि प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये दिलेला असतो. ३८५०००० ही नोंद म्हणजे ३.८५ व्होल्ट. तापमान अंशाच्या दशांशात असते. ३१५ म्हणजे ३१.५ अंश सेल्सिअस.

एन-९०० मध्ये हे मोजमाप बीक्यू-२७२०० ही चिप करते. बॅटरीतून आत-बाहेर जाणाऱ्या प्रवाहाची ती सतत बेरीज ठेवते. पूर्ण क्षमता मात्र तिला स्वतःहून माहीत नसते. बॅटरी पूर्ण भरून, मध्ये प्रभारक न लावता, खालच्या ठरावीक दाबापर्यंत उतरवली की ती क्षमता शिकते. म्हणून बॅटरी बदलल्यानंतर पहिल्या आवर्तनापूर्वी दिसणाऱ्या टक्केवारीवर विसंबू नये.

'मूळ क्षमता' ही नोंद तर अधिकच सावधपणे वाचावी. नोकियाच्या बॅटरीवरील स्पर्शबिंदूंपैकी एकामागे लहानसा रोधक असतो आणि त्याच्या मूल्यावरून संच बॅटरीची क्षमता ओळखतो. हा आकडा मोजलेला नसून निर्मात्याने सांगितलेला असतो. नकली बॅटरी बनवणारा लेबलावर वाटेल ते छापू शकतो, तसा रोधकही वाटेल तो बसवू शकतो.

क्षमतेची आणि रोधाची चाचणी

खरी क्षमता मोजण्याची पद्धत सोपी आहे. बॅटरी ४.२ व्होल्टपर्यंत पूर्ण भरू द्यावी. प्रभारणाचा प्रवाह अगदी कमी झाल्यावर प्रभारक काढावा. भ्रमणध्वनी जाळे आणि वाय-फाय बंद ठेवून पडदा एका ठरावीक प्रकाशावर सतत चालू ठेवावा. वेळ, दाब, प्रवाह आणि तापमान या चार नोंदी दर मिनिटाला एका धारिकेत लिहिणारी चार ओळींची आज्ञावली त्यासाठी पुरते. संच आपोआप बंद होईपर्यंत नोंदी चालू ठेवाव्यात.

समजा, सरासरी २२० मिलीअँपिअर प्रवाहावर संच ५ तास चालला. दोहोंचा गुणाकार ११०० मिलीअँपिअर-तास येतो. १३२० च्या तुलनेत ही क्षमता सुमारे ८३ टक्के झाली. नवी म्हणून घेतलेली बॅटरी ९० टक्क्यांच्या आसपास असल्यास समाधान मानावे. ६०-७० टक्के आल्यास ती जुनी किंवा नकली आहे, असे समजून परत करावी. चाचणी सामान्य खोलीच्या तापमानात करावी, कारण थंडीत क्षमता कमी भासते. खोल उतरवण्याने झीज वाढत असल्याने ही चाचणी एकदा करावी; ती नित्याची सवय करू नये.

रोधासाठी दोन नोंदी पुरतात. बॅटरी अर्धी भरलेली असताना संच स्वस्थ ठेवून एक आणि प्रक्रियकाला भरपूर काम देऊन लगेच दुसरी नोंद घ्यावी. पहिल्या वेळी १०० मिलीअँपिअर व ३.८५ व्होल्ट आणि दुसऱ्या वेळी ६०० मिलीअँपिअर व ३.७५ व्होल्ट आढळले, तर ०.१० व्होल्टला ०.५ अँपिअरने भागून रोध ०.२ ओहम येतो. स्पर्शबिंदूंवरील मळामुळेही हा आकडा वाढतो. म्हणून ते आधी कोरड्या, मऊ कापडाने पुसून घ्यावेत. नव्या आणि जुन्या बॅटरीचे आकडे त्याच संचात, त्याच पद्धतीने घेतल्यास तुलना विश्वसनीय ठरते.

चिकटवलेल्या बॅटऱ्या

२०१८ चा वनप्लस-६ हा संच आज लिनक्सप्रेमींमध्ये लोकप्रिय आहे. परंतु त्याची ३३०० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी काचेच्या पाठीमागे चिकटवलेली असते. ती बदलण्यासाठी काच उष्णतेने सैल करावी लागते. अशा वेळी बॅटरी आधी २५ टक्क्यांच्या खाली उतरवावी, कारण भरलेल्या पेशीला हत्यार लागल्यास आगीचा धोका अधिक असतो. धातूच्या टोकदार हत्याराने ती उचकटू नये. अनुभव नसल्यास हे काम दुरुस्तीतज्ज्ञाकडे सोपवणेच हिताचे. याउलट, लिनक्ससाठीच बनवलेल्या पाइनफोनमध्ये झाकण उघडून बदलता येणारी बॅटरी दिली गेली आणि ती सॅमसंगच्या जे-७ संचाच्या बॅटरीशी मिळतीजुळती ठेवली गेली. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमावलीनुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतील बॅटऱ्या, काही अपवाद वगळता, वापरकर्त्याला बदलता येतील अशा असाव्यात, असे ठरवण्यात आले आहे.

काढलेल्या बॅटरीचे काय?

थकलेली बॅटरी घरगुती कचऱ्यात टाकू नये. कचरागाडीत ती दबली किंवा फुटली तर आग लागू शकते. तिच्या स्पर्शबिंदूंवर चिकटपट्टी लावून ती कोरड्या, ज्वलनशील वस्तूंपासून दूर असलेल्या जागी ठेवावी आणि ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी. केंद्र शासनाच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांच्यावर पुनर्प्रक्रिया घडवून आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ग्राहकानेही त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून देणे या नियमांत अपेक्षित आहे.

भारतात एअरटेलसारख्या कंपन्यांनी ३जी सेवा बंद केल्यानंतर एन-९०० सारख्या संचाचा दूरध्वनी म्हणून उपयोग मर्यादित झाला आहे. परंतु खिशात मावणारा संगणक, संगीतवादक, वाय-फायवरून चालणारी टिपणवही किंवा विद्यार्थ्यांना लिनक्स शिकण्याचे साधन म्हणून तो अजूनही उपयोगी पडतो. काही शे रुपयांची बॅटरी आणि एका दिवसाची चाचणी एवढ्यावर तो आणखी काही वर्षे चालू शकतो. बॅटरी घातल्याची तारीख आणि पहिल्या चाचणीत आलेली क्षमता संचातच नोंदवून ठेवावी. वर्षभराने पुन्हा मोजल्यावर झीज किती झाली, हे त्या आकड्यावरून निश्चितपणे कळेल.